जुनी आय-टेन घेताय? आधी इंजिन कोणतं ते बघा

रामटेकचा गड चढताना आमच्या गाडीचा दम गेला तेव्हा गाडीत पाच माणसं होती, एसी सुरू होता आणि एप्रिलची दुपार होती. दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी वर सरकेना. शेवटी सासूबाईंनीच एसी बंद करायला सांगितला आणि आम्ही पहिल्या गिअरवर वर पोचलो. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता. जुनी ह्युंदाई आय-टेन, मॅग्ना मॉडेल, "बाराशे सीसीचं कप्पा इंजिन" असं सांगून विकलेली.

परत आल्यावर गाडी नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बोनेट उघडलं, इंजिनाच्या एका बाजूच्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "ताई, हे बेल्टवालं इंजिन आहे जी. कप्पाला चेन असते. हे अकराशेचं आहे." मग त्यांनी आरसी मागितली. त्यावर सीसीच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं: १०८६. ती आरसी महिनाभर माझ्या पर्समध्ये होती. मी त्यावर फक्त नाव, नंबर आणि तारीख तपासली होती.

ज्याने गाडी विकली त्याच्याशी नंतर बरीच बोलाचाली झाली, हाती काही लागलं नाही. पण त्यानंतर घरच्यांसाठी आणि ओळखीच्यांसाठी बऱ्याच जुन्या गाड्या बघितल्या. ज्या क्रमाने मी आता गाडी तपासते, तोच क्रम इथे देते. उदाहरण मुख्यतः आय-टेनचं घेतलंय, कारण नागपुरात सेकंडहँड बाजारात ती खूप फिरते आणि एकाच गाडीत, एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन वेगळी इंजिनं असण्याचा घोळ तिच्यात सगळ्यात जास्त आहे.

आधी घोळ समजून घ्या

आय-टेन भारतात २००७ साली आली ती १.१ लिटरच्या इंजिनासह: १०८६ सीसी, ६७ पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं एक माप) आसपास ताकद. २००८ मध्ये त्याच गाडीत १.२ लिटरचं कप्पा इंजिन आलं: ११९७ सीसी, ८० पीएस. २०१० च्या नव्या रूपात लहान इंजिन ६९ पीएसपर्यंत गेलं. डी-लाइट आणि एरा ही खालची मॉडेल्स १.१ मध्ये, स्पोर्ट्झ आणि अॅस्टा ही वरची बहुतेक १.२ मध्ये. मधली मॅग्ना मात्र दोन्ही इंजिनांत मिळत होती. माझी फसगत इथेच झाली. "मॅग्ना आहे" एवढं ऐकून इंजिन ठरत नाही.

सगळ्याच कंपन्यांत असं नसतं, हेही माहीत असू द्या. जुन्या स्विफ्टमध्ये एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय या तिन्हींत एका वेळी एकच पेट्रोल इंजिन होतं. वरचं मॉडेल घेतलं म्हणजे पॉवर विंडो, एअरबॅग, अलॉय मिळायचे, ताकद तीच. तिथे फरक पडतो तो वर्षाने. २००५ ची स्विफ्ट १.३ लिटरची, ८७ पीएसची. २०१० मध्ये तिच्यात १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन आलं, ८५ पीएसचं. आकडे जवळपास सारखे, पण इंजिन पूर्ण वेगळं.

हा १.२ चा आकडा सारखा का येतो? २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. अट अशी की पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत हवं, डिझेल १५०० च्या आत. त्यानंतर कंपन्यांनी मुद्दाम ११९७ सीसीच्या आसपासची इंजिनं आणली. म्हणून त्या काळातल्या गाड्यांत जुनं आणि नवं इंजिन काही वर्षं शेजारी शेजारी विकलं गेलं, आणि आज त्या गाड्या बघताना आपला गोंधळ होतो.

पायरी पहिली: कागद, गाडीच्या आधी

गाडी बघायला जाण्यापूर्वीच विकणाऱ्याकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचे आणि विमा पॉलिसीचे फोटो मागवा. जो देत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. आरसीवर सीसी बघा: १०८६ की ११९७. जुन्या स्मार्टकार्डावर सगळं छापलेलं नसेल तर मालकाला त्याच्याच मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅप उघडून दाखवायला सांगा. पॉलिसीवरही सीसी असतो आणि बहुतेकदा मॉडेलचं पूर्ण नाव असतं. दोन्ही कागदांवरचा आकडा जुळला पाहिजे.

मग इंजिन नंबर. त्याची सुरुवातीची अक्षरं म्हणजे इंजिनाचं घराणं. आय-टेनच्या इंजिन नंबरची सुरुवात जी-४-एच-जी अशी असेल तर १.१, जी-४-एल-ए असेल तर १.२ कप्पा. मारुतीत तर हे आणखी सोपं आहे: जी-१३-बी म्हणजे जुनं १.३ पेट्रोल, के-१२-एम म्हणजे १.२, डी-१३-ए म्हणजे १.३ डिझेल. कागदावर हे नंबर इंग्रजी अक्षरांत असतात. एकदा डोळ्याला सवय झाली की आरसी हातात आल्यावर दहा सेकंदांत कळतं.

काही आरसीवर ताकदीचाही रकाना असतो, कधी बीएचपीमध्ये, कधी किलोवॉटमध्ये. तिथे गडबडू नका. ८० पीएस म्हणजे सुमारे ७९ बीएचपी आणि ५९ किलोवॉट. ६७ पीएस म्हणजे सुमारे ६६ बीएचपी आणि ४९ किलोवॉट. कागदावर ५९ दिसलं म्हणून ताकद कमी असं समजू नका, एकक बघा.

आणि डिकीवरच्या अक्षरांवर अजिबात विश्वास ठेवू नका. 'कप्पा', 'स्पोर्ट्झ', 'अॅस्टा' हे सगळे बिल्ले बाजारात सुटे मिळतात आणि पाच मिनिटांत चिकटवता येतात. माझ्या गाडीवरचा बिल्ला नंतर नखाने सहज निघाला.

पायरी दुसरी: बोनेट उघडा

आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंजिनावर कोरलेला नंबर एकच आहे का ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं. तो ब्लॉकवर कोरलेला असतो, पण वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ साचून दिसत नाही. मिस्त्रींना सोबत न्या. ते चिंधी आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन जागा पुसतील. नंबर जुळत नसेल, घासलेला वाटत असेल किंवा कुणी "इंजिन बदललंय पण कागद होऊन जातील" म्हणत असेल, तर तिथूनच परत फिरा. गाडी नावावर करताना हीच गोष्ट आरटीओत आडवी येते.

दुसरी खूण मी वर सांगितलीच: बेल्ट की चेन. १.१ च्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करवणारा पट्टा) असतो, त्यावर प्लास्टिकचं झाकण. कप्पाला टायमिंग चेन असते, तिथे धातूचं कव्हर असतं.

हा फरक खर्चाचाही आहे, म्हणून इथे जरा थांबते. टायमिंग बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी कितीही कमी चालली असो. रबर वयानेही कडक होतं, आणि आपल्याकडच्या उन्हात तर होतंच. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर इंजिन जागीच बंद पडतं, आणि व्हॉल्व्ह वाकले तर हेड उघडावं लागतं. म्हणून १.१ घेत असाल तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. तोंडी सांगितलेलं धरू नका. बिल नसेल तर गाडी घेतल्यावर पहिलं काम बेल्ट, टेन्शनर आणि सोबत वॉटर पंप हे बदलून घेणं, आणि तो खर्च आधीच भावातून वजा करणं. कप्पाची चेन सहसा दीर्घकाळ टिकते, पण तिचं आयुष्य ऑइलवर आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढून खळखळ असा साखळीसारखा आवाज आला आणि काही सेकंद टिकला, तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही असं धरा.

म्हणूनच गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर बोनेटवर हात ठेवून कळतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

पायरी तिसरी: १३ पीएसचा फरक नेमका कुठे जाणवतो

हे समजलं तर तुम्हाला १.२ हवीच का, हेही ठरवता येईल. कारण प्रत्येकाला ती लागतेच असं नाही.

कंपनी सांगते तो पीएसचा आकडा म्हणजे इंजिनाची सर्वाधिक ताकद, आणि ती बऱ्याच वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) मिळते. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा रेटा. दोघांचं नातं साधं आहे: टॉर्क (न्यूटन-मीटरमध्ये) गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, की त्या क्षणाची ताकद पीएसमध्ये मिळते. ह्युंदाईची माहितीपत्रकं टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये देत, त्याला ९.८ ने गुणलं की न्यूटन-मीटर.

आता सुरुवातीच्या १.१ चं घ्या. १०.१ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ९९ न्यूटन-मीटर, २८०० आरपीएमला. गुणाकार केला की त्या क्षणी ताकद येते सुमारे ३९ पीएस. त्याची पूर्ण ६७ पीएस ताकद ५५०० ला मिळते. उलट हिशेब केला तर तिथे टॉर्क उरतो ८५ च्या आसपास. म्हणजे हे इंजिन खाली तयार असतं आणि वर गेल्यावर थकतं. कप्पाचा टॉर्क ११.४, म्हणजे ११२ न्यूटन-मीटर, ४००० ला. आणि ८० पीएस मिळते ५२०० ला. तिथेही टॉर्क १०८ च्या घरात आहे. म्हणजे हे इंजिन वर गेल्यावरही जवळपास तेवढाच रेटा देत राहतं.

सीसीत फरक फक्त दहा टक्के आहे, ताकदीत मात्र वीस टक्के, तो यामुळे. सीताबर्डी, इतवारी, महालच्या गर्दीत आपण इंजिन २००० ते २५०० आरपीएमच्या वर नेतच नाही. तिथे १.१ कुठेच कमी पडत नाही. मला तर महिनाभर काही कळलंच नाही, त्याचं कारण हेच. फरक कळतो तो वर्धा रोडवर बुटीबोरीकडे जाताना ट्रकला ओव्हरटेक करायचा असतो तेव्हा, पाच माणसं आणि सामान घेऊन चढावर असता तेव्हा, आणि समृद्धीवर. समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० पर्यंत परवानगी आहे. १.१ ची आय-टेन तिथे ८०-९० ला शांत चालते, त्यापुढे तिला रेटावं लागतं, आणि इतक्या जुन्या गाडीला तिथे रेटूही नये.

माझं मत स्पष्ट आहे: घर ते ऑफिस शहरातल्या शहरात, एक-दोन माणसं, तर बेल्ट नवा असलेली चांगली १.१ घ्या आणि पैसे वाचवा. महिन्यातून दोनदा अमरावती, यवतमाळ, गोंदिया करायचं असेल तर १.२ च शोधा.

पायरी चौथी: कागदावरची ताकद आणि उरलेली ताकद

पंधरा वर्षांच्या गाडीत ८० पीएसपैकी किती उरलेत, हा खरा प्रश्न. वाईट ठेवलेल्या १.२ पेक्षा नीट ठेवलेली १.१ पुढे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चाचणीसाठी रिंग रोडचा सपाट, मोकळा तुकडा आणि सकाळी सहाची वेळ निवडा. गाडी पूर्ण गरम होऊ द्या. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावर स्थिर ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ७० पर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलवर मोजावं. चालवणाऱ्याने मोबाइलला हातही लावू नये. तोच तुकडा उलट दिशेनेही करा, म्हणजे वारा आणि उतार यांचा हिशेब निघून जातो. दोन्हींची सरासरी काढा. याच जागी, याच पद्धतीने दोन-तीन गाड्या तपासल्या की कोणती मरगळलेली आहे ते आकड्यांतच दिसतं. विकणाऱ्याचं "पिकअप पहा ना भाऊ" हे शब्द मग लागतच नाहीत.

नंतर क्लच. चौथ्या गिअरमध्ये ४० ला असताना जोरात अॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. इंजिन बिचारं चांगलं असतं, ताकद चाकापर्यंत पोचत नसते.

वीसेक मिनिटं चालवून थांबलात की चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. याच कारणाने एका ओळखीच्यांची गाडी "इंजिन गेलं" म्हणून अर्ध्या भावात निघाली होती. ब्रेकचा कॅलिपर मोकळा केल्यावर ती व्यवस्थित पळू लागली.

गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर मोजतात. एक आकडा किती आला यापेक्षा चारही एकमेकांजवळ आहेत का, हे बघा; दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचं काम निघणार. काढलेले प्लगही बघा. तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल खातंय. सुरू इंजिनावर ऑइलचं झाकण हळूच उघडा. तिथून धूर भसाभसा येत असेल तरी अर्थ तोच.

याउलट एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी, प्लग ही किरकोळ कामं आहेत. त्यावरून गाडी नाकारू नका, भाव कमी करा.

नागपूरचं ऊन

कंपनीचा आकडा २५ अंशाच्या आसपासच्या हवेसाठी ठरवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो; तेवढ्यानेच हवा सुमारे सहा टक्के विरळ होते. त्यात नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून थोडं उंच आहे, तिथेही थोडी घट होते. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाला मिळणारी हवाच कमी, म्हणून ताकदही कमी. कोऱ्या १.१ चेही भर उन्हात चार-पाच पीएस असेच जातात, आणि एसीचा कॉम्प्रेसर आणखी तीन-चार ओढतो. गडावर आमची गाडी अडली त्यात निम्मा वाटा याचा होता. मोठं इंजिनही तेवढेच टक्के गमावतं, पण त्याच्याकडे गमावायला शिल्लक असते.

म्हणून दुसरी चाचणी दुपारी करा, एसी पूर्ण लावून. सिग्नलला पाच मिनिटं उभी ठेवून रेडिएटरचा पंखा सुरू होतो का, तापमानाचा काटा मध्यावरून हलतो का, हे बघा. आपल्या गावात जुनी गाडी ताकदीने कमी आणि तापण्याने जास्त मरते.

गॅस किट आणि डिझेलवाल्यांसाठी थोडं

सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर गॅसवर साधारण दहा टक्के ताकद कमी मिळते, कारण सिलिंडरमध्ये हवेची जागा गॅस घेतो. १.१ मध्ये हे फार जाणवतं. किटची नोंद आरसीवर इंधनाच्या रकान्यात असलीच पाहिजे. नसेल तर विमा दावाही अडतो.

डिझेल बघत असाल तर तिथे घोळ वेगळा आहे: सीसी तोच, ताकद वेगळी. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. पुंटो तर आपल्या रांजणगावातच बनायची. साध्या टर्बोसह हे इंजिन ७५ पीएस देतं. पात्यांचा कोन बदलणारा टर्बो असलेलं ९० किंवा त्याच्या थोडं पुढे जातं. पुंटोत ७६ आणि ९३ पीएसचे दोन प्रकार होते, व्हिस्टात ७५ आणि ९०. इथे आरसीवरचा सीसी काही सांगत नाही, कारण दोन्हीकडे १२४८ च असतो. मॉडेलचं पूर्ण नाव पॉलिसीवर वाचा आणि टर्बो ओळखणारा मिस्त्री सोबत न्या. बदलत्या पात्यांचा टर्बो काजळीने अडकला तर ९० पीएसची गाडी ७५ वालीपेक्षाही मंद चालते, आणि दुरुस्ती महाग आहे.

सौदा करताना

पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या किंवा होत आलेल्या गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. त्यासाठी आरटीओत गाडीची तपासणी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. हे काम विकणारा करून देणार की तुम्ही करणार, ते भाव ठरायच्या आधी बोला. गाडी एमएच-३१ ची आहे, ४० ची की ४९ ची, हेही बघा. शहर, ग्रामीण आणि पूर्व नागपूर अशी कार्यालयं वेगळी आहेत आणि कामासाठी कुठे जायचं ते त्यावर ठरतं.

पावतीवर "आय-टेन मॅग्ना" एवढंच लिहून घेऊ नका. सीसी, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर लिहून दोघांनी सही करा. माझ्या पावतीवर फक्त मॉडेलचं नाव होतं, आणि भांडायला गेले तेव्हा समोरच्याने तीच पावती माझ्यापुढे धरली होती.

आमची १०८६ वाली अजून आहे. बेल्ट, वॉटर पंप आणि क्लच प्लेट नवीन टाकलंय. मी रोज नरेंद्रनगरहून हिंगण्याला तिनेच जाते. रामटेकला जायचं झालं की आम्ही सकाळी सातला निघतो, आणि गडाच्या पायथ्याशी एसी बंद करून खिडक्या उघडतो.